वाचवलेला अर्धा तास

वेळाणे गाव तीन दिवस रिकामा झाला आणि पुण्यामुंबईच्या गाडीवाल्यांना तो भलताच आवडला. त्यांच्यावर रागावू नका. गावात माणूस नसला की गावातून गाडी छान जाते, एवढीच त्यातली गोम.

गावपळण म्हणतात त्याला. चार-पाच वर्षांतून एकदा ग्रामदेव रवळनाथ कौल देतो, की चला, उठा, वेशीबाहेर पडा. मग अख्खा गाव उठतो. म्हातारेकोतारे, बाळंतिणी, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं बिऱ्हाड घेऊन वेशीपलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळावर, झावळांच्या खोपी घालून राहतो. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गावच्या माणसाने वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. मधून जाणारा डांबरी रस्ता सरकारचा, तिथून परक्यांनी खुशाल जावं. परक्याला पळण नाही. चौथ्या दिवशी सकाळी बारापाचाचे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचे, मानकरी तेवढे देवळात जातात, मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवून कौल लावतात आणि कुठली आधी पडते ते बघतात. देवाने उजवा दिला तर गाव घरी. डावा दिला तर बसा सड्यावर आणि आठवा, कुणाचं काय चुकलं ते.

स्वप्ना ह्याच गावची. आई लवकर गेली, बाप बोटीवर खलाशी, वर्षाचे आठ-नऊ महिने दर्यावर. तिला वाढवलं आनंदीकाकीने, खानावळीच्या ताटांवर. आता स्वप्ना पुण्यात एका सल्लागार कंपनीत होती. रस्ता बांधावा की नाही, ह्याचे आकडे काढून देणारी कंपनी. आणि तिच्या वाट्याचं काम ऐकाल तर हसाल: शहरातल्या मोटारवाल्याला स्वतःचा वेळ किती प्यारा आहे, ते रुपयांत काढायचं.

हसू नका पण. सरळ विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. 'तुमच्या दहा मिनिटांची किंमत काय?' म्हटलं की माणूस एकतर छाती फुगवतो नाहीतर खिसा सांभाळतो. म्हणून कार्डं दाखवायची. हा जुना रस्ता, फुकट, वेळ इतका. हा नवा रस्ता, टोल इतका, वेळ त्यापेक्षा कमी. बोला, कोणता घ्याल? टोल वाढवत जायचा आणि गाडीवाला कुठे 'नको' म्हणतो ते बघायचं. अशा शेकडो उत्तरांतून एक आकडा निघतो. तो मोठा निघाला की रस्ता रुंद होतो, वळणं सरळ होतात. लहान निघाला की फाईल कपाटात जाते.

वेळाण्याच्या बाजारात एकच वळण होतं, आणि त्या वळणावर आनंदीकाकीची खानावळ. चूल रस्त्याच्या ह्या बाजूला, घरात. बसायचा मांडव त्या बाजूला, पिंपळाखाली. काकी दोन्ही हातांत ताटं घेऊन दिवसातून कितीदा रस्ता ओलांडायची, देवाला ठाऊक. गाडी आली की एका हातातलं ताट दुसऱ्या हातावर चढवायची आणि मोकळा हात वर करायची. गाडी थांबायची. थांबलेल्या गाडीत तळलेल्या बांगड्याचा वास शिरायचा आणि निम्मे लोक उतरून जेवायलाच बसायचे. असा तिचा धंदा. नव्या रस्त्याच्या नकाशावर ते वळण सरळ केलेलं होतं. चुलीवरून, मांडवावरून, पिंपळावरून एक लाल रेघ गेलेली. तो नकाशा स्वप्नाने ऑफिसात पाहिला होता. काकीला बोलली नव्हती.

का नाही बोलली? अहो, नोकरी. आणि मनाची समजूत घालायला माणसाला काय लागतं? आपण फक्त मोजतो, ठरवणारे वेगळे, असं ती स्वतःला सांगायची. सांगून झोपायची.

सर्व्हेच्या तारखा पुण्याहून ठरल्या, नाताळाच्या सुट्टीच्या, आणि मागाहून रवळनाथाने कौल दिला तो नेमका त्याच दिवसांचा. काकीचा फोन आला, आवाज आनंदाने नुसता उतू जात होता. "गो बाय, ह्या वक्ताक तू पळणीक आसतलंस! किती वर्सां झाली!"

फोन ठेवल्याबरोबर स्वप्नाने तिच्या वरच्या बाई, आकांक्षा मॅडम, त्यांना कळवायला हवं होतं. गावच जागेवर नसेल तर त्या रस्त्यावर विचारलेल्या प्रश्नाला अर्थ काय? हे तिला कळत होतं. शिकलेली होती ती, दुधखुळी नव्हती. पण तारखा बदलल्या की सगळं पुन्हा आखा, पुन्हा या, अहवाल लांबणार, तिची बढती लांबणार. त्यात मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, लाजिरवाणी. गाव सड्यावर असेल तर रस्त्यावर आपल्याला कार्डं दाखवताना ओळखीचं कोणी बघणार नाही. ती गप्प राहिली.

पहिल्या दिवशी मालवणच्या बाजूला, वेशीबाहेरच्या चहाच्या टपरीशी तिने गाड्या थांबवायला सुरुवात केली. पलीकडच्या वेशीला पेट्रोलपंपावर तिचा सहकारी ओमकार होता, पुण्याचाच. एक काळी मोठी गाडी थांबली. चालवणारा गृहस्थ पुण्याचा, खुशीत होता.

"काय मस्त आलो हो आम्ही! गेल्या वर्षी ह्याच गावात नुसता वैताग. म्हशी काय, कोंबड्या काय, आणि त्या वळणावर एक म्हातारी, हातात ताटं घेऊन रस्त्यात उभी राहते. हात दाखवते! ट्रॅफिक पोलीसच जणू. आज कोणी नाही. सुटलो बाणासारखे."

"असा रस्ता नेहमी मिळाला तर?" स्वप्नाने विचारलं. प्रश्न कार्डावर तसाच होता.

"कितीही मागा."

तिने टोल वाढवला. तो हो म्हणाला. आणखी वाढवला. हो. शेवटच्या कार्डापर्यंत हो. मागच्या सीटवरची बायको म्हणाली, "अहो, त्या म्हातारीकडचं जेवण मात्र छान होतं." तो म्हणाला, "छान होतं गं, पण म्हणून काय रस्त्यात?" आणि निघून गेला. स्वप्नाने टॅबवर 'हो' दाबलं. तिचं बोट जरा रेंगाळलं, पण दाबलं. दिवसभर तेच. सगळे खूश, सगळे उदार. असा आकडा तिने आजवर कुठल्या रस्त्यावर पाहिला नव्हता.

दुपारी ती सड्यावर काकीच्या खोपीत गेली. काकीने पेज वाढली, सुकटीची चटणी वाढली, आणि आजूबाजूच्या खोपींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचां चेडू रस्तो करुक इलासा! सरकारान धाडल्यान."

"सरकारने नाही गं काकी."

"तां काय आसात तां. रस्तो बरो झालो काय गिऱ्हाईक वाढतला. मांडवाक पत्रे घालतंय मी औंदा. काय इचारतंस गो त्या गाडयेवाल्यांका?"

स्वप्नाने चटणी पेजेत कालवली. "असंच. रस्त्याबद्दल."

"आणि काय सांगतत?"

"चांगलं सांगतात," स्वप्ना म्हणाली आणि पेजेच्या वाडग्यात बघत राहिली. तिला स्वतःची इतकी किळस आली की उठून पळावंसं वाटलं. काकीला वाटलं, पोर दमली. तिने आणखी एक डाव पेज वाढली.

दुसऱ्या दिवशी ओमकारचा फोन आला. "टॅब बंद पडलाय. गाड्या चालल्यात धडाधड, एक नोंद होत नाहीये. दुसरा टॅब आण, लगेच."

गावाबाहेरून पेट्रोलपंपावर जायचं तर धामापूरकडून वळसा. अर्धा तास जास्त. गावातून गेलं तर हा आला पंप. स्वप्ना गाडी घेऊन वेशीपाशी थांबली. वेशीवर आंब्याच्या डहाळ्या आडव्या बांधलेल्या, खाली नारळ ठेवलेला. डांबरी रस्ता मात्र मोकळा. समोरून-मागून परक्या गाड्या सुसाट चाललेल्या. आपण तरी कुठे उतरणार आहोत? पाऊल कुठे टाकतोय? चाकं तर टाकतोय, असा एक वकिली मुद्दासुद्धा तिने मनाशी काढला. पळवाट काढायला बुद्धी लागते, आणि ती तिला भरपूर होती.

तिने गाडी आत घातली. बंद दारं, ओस अंगणं, वळणावर काकीचा रिकामा मांडव. हात वर करणारं कोणी नव्हतं. तिचा पाय ब्रेकवर गेला होता, सवयीने. मग तो तिने उचलला आणि वळण सपकन मागे टाकलं. मनात आलं, खरंच किती लवकर होतं. आणि ते मनात आल्याचं वाईट वाटेपर्यंत पंप आलासुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी सगळा गाव सड्यावर गाठोडी बांधून तयार. पोरं टोपल्यांत कोंबड्या कोंबत होती. पहिल्या चुलीचा मान आनंदीकाकीचा. गाव परत शिरला की पहिली चूल तिच्या घरात पेटायची आणि तिथला इंगळ करवंटीत घालून घरोघर जायचा. आता घरोघर गॅस आहे, तरी त्या दिवशी इंगळ लागतोच. काकीच्या सासूच्या सासूपासूनचा मान तो. काकीने नवं लुगडं नेसलं होतं आणि चूल पेटवायला माडाची सुकी चुडतं वेगळी बांधून ठेवली होती.

मानकरी देवळातून परत आले ते तोंडं पाडून. शंकर गावकर, बारापाचातला मुख्य, दगडावर टेकला. "डावो दिल्यान. तीनदा लावलंव, तीनय वक्ताक डावो. देव आत घेणा नाय."

 शेजारच्या खोपीतली बाळंतीण दिव्या पोराला पदराखाली घेऊन उभी होती. रात्रीच्या दहिवराने पोर खोकत होतं. आता आणखी एक रात्र उघड्यावर.

"कोण आत गेललो?" शंकर गावकराने विचारलं. "गावचो माणूस कोण गेललो? आताच सांगा. देवाकडे लपणा नाय."

 कौलाबिवलावर स्वप्नाचा विश्वास होता का? विचाराल तर नव्हता. पुण्यात असती तर हसली असती. पण ते पोर खोकत होतं, सगळा गाव एकमेकांकडे बघत होता, आणि आपण गेलो होतो, हे तर खरं होतं ना? तिने तोंड उघडलं.  'मी' म्हणायला केवढा वेळ लागतो? पण सगळा गाव आपल्याकडे वळेल, मग विचारतील का गेलीस, मग टॅब, मग रस्ता, मग नकाशा... ती तेवढ्या विचारात अडकली आणि तेवढ्यात तिच्या शेजारून आवाज आला.

"मी गेललंय."

आनंदीकाकी उभी राहिली होती.

"तू?" शंकर गावकर उठलाच. "आनंदीबाय, तू? कित्याक?"

"मांजर आत रवलां. दूद घालुक गेललंय."

"पयल्या चुलीचो मान तुझ्या घराकडे, आणि तूच पळण मोडलंस?"

"चुकलंय. काय दोष आसात तो माझ्यार येवंदे."

कोणीतरी मागून पुटपुटलं, "मांजरापायी अख्ख्या गावाक थंडीत घातल्यान." काकीने मान खाली घातली. आयुष्यात कुणासमोर मान न घालणारी बाई ती. गाड्या थांबवणारी. करून गेला गाव आणि कांदळकराचे नाव, असं म्हणतात ना, ते असं डोळ्यांदेखत घडत होतं आणि करून गेलेली स्वप्ना तिथेच उभी होती.

मग गाऱ्हाणं झालं. शंकर गावकराने हात जोडले. "बा देवा रवळनाथा! आज ह्या आनंदीबायच्या हातसून कळत-नकळत काय चूक झाली आसात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"गावाक सुखरूप घराक घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

स्वप्नानेही म्हटलं. सगळ्यांबरोबर, हात जोडून, व्हय म्हाराजा. काकीच्या नावाने घातलेल्या गाऱ्हाण्याला तिने स्वतःच्या तोंडाने होकार भरला. ह्यापेक्षा कोणी तिच्या मुस्कटात मारली असती तर बरं, असं तिला वाटलं.

ठरलं असं की ह्या खेपेला पहिली चूल शंकर गावकराच्या घरी पेटेल.  वेगळी बांधलेली चुडतं काकीने उचलून त्याच्या सुनेच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी देवाने उजवा दिला. वाजतगाजत गाव परत शिरला. स्वप्नाचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं, ओमकार सगळे आकडे पाठवून पुण्याला गेला होता. तिलाही जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. काकीच्या घरात चूल थंड. दोघी दारात बसून वाट बघत होत्या. घरात पेटायची ती आग दुसऱ्याच्या घरून यायची होती.

शंकर गावकराची सून करवंटीत इंगळ घेऊन आली. आपल्याच उंबऱ्यावर उभं राहून काकीने तो दोन्ही हातांनी घेतला, जन्मात पहिल्यांदा. सून खाली बघत होती, तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. ती गेल्यावर काकी चुलीपाशी बसली आणि फुंकणीने फुंकू लागली.

"काकी," स्वप्ना म्हणाली, "मी गेले होते. गाडी घेऊन."

"ठावक आसा. सड्यावरसून रस्तो दिसता गो. तुझी गाडी मी वळखूचंय नाय?"

"मग तू कशाला...? मी आत्ता जाते. शंकरकाकांना सांगते."

"गप रव!" काकी पहिल्यांदाच ओरडली. "मी देवासमोर बोललंय. तू आता जावन खरां सांगलंस तर मी देवासमोर खोटी पडतंय. तां करू नको माझां." पुन्हा फुंकणी तोंडाला लावली, दोन फुंकरी घातल्या, आणि मग अगदी साध्या आवाजात, बाजाराचा भाव विचारावा तसं तिने विचारलं, "गावातसून गेलंस तर कितीक वेळ वाचलो गो तुझो?"

"अर्धा तास."

"मगे खंय ठेवलंस तो?"

काकी टोचून बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  त्या अर्ध्या तासाचं स्वप्नाने काय केलं होतं? पंपावर पोचून ओमकारला टॅब दिला, आणि मग गाडीत बसून मोबाईल बघितला. एवढंच. कित्येक वर्षं ती लोकांना हाच प्रश्न उलटा विचारत होती आणि त्याचे पगार घेत होती.

दुपारी मांडवात गिऱ्हाईक बसलं. बाजार पुन्हा नेहमीसारखा: म्हशी, सायकली, रिक्षा, भांडणं. स्वप्ना दारात उभी असताना आकांक्षा मॅडमचा फोन आला.

"स्वप्ना, जबरदस्त आकडे आलेत! वेळाण्याच्या जोरावर अख्खा प्रकल्प उभा राहील."

"मॅडम, वेळाणं धरू नका. त्या दिवसांत गाव रिकामा होता. सगळा गाव बाहेर होता, रस्ता मोकळा होता. लोकांनी पैसे रस्त्याला नाही लावले. गाव नसण्याला लावले."

 मॅडमचा आवाज मऊ झाला. वाईट बाई नव्हती ती. "बरं झालं सांगितलंस. हे बघ, तुला हे तिथे गेल्यावर कळलं, असं मेलमध्ये लिही. एक ओळ. आधी माहीत नव्हतं. मी क्लायंटला सांभाळून घेते, तुझ्या बढतीला धक्का लागणार नाही."

एक ओळ. किती सोपं होतं! समोर काकी दोन ताटं घेऊन रस्त्याकडे निघाली होती. एक ताट दुसऱ्या हातावर चढवत होती.

"मला ठाऊक होतं, मॅडम," स्वप्ना म्हणाली. "आधीपासून. मी इथलीच आहे."

"ठाऊक होतं? मग थांबवला का नाहीस सर्व्हे?"

"वेळ वाचत होता."

"कुणाचा?"

"माझा."

"सोमवारी ऑफिसला ये," मॅडम म्हणाल्या. आवाजातला मऊपणा गेला होता. "आणि बाकीच्या गावांचे आकडे आहेतच आपल्याकडे. त्यावर बघू काय करायचं ते." फोन बंद झाला.

म्हणजे लाल रेघ पुसली गेली असं काही नाही. नोकरी राहील का, तेही नाही. आणि काकीचा मान तर गेलाच. पुढची पळण चार-पाच वर्षांनी. तोवर गाव विसरेल, की 'मांजराची आनंदीबाय' म्हणत राहील, कोण सांगणार? त्यातलं काहीच स्वप्नाला भरून देता येणार नव्हतं. खरं बोलायचं तेवढं ती बोलली होती, पण जिथे बोलायचं होतं तिथे तिचं तोंड काकीने कायमचं बंद करून टाकलं होतं.

"कोणाचो फोन?" काकीने रस्त्याच्या कडेवरून विचारलं.

"हापिसातलो."

"जातंस?"

"नाय. आज रवतंय."

"मगे हुबी काय रवलंस? हीं ताटां धर. निवतत हडे," काकी म्हणाली आणि दोन्ही ताटं तिच्या हातांत देऊन आणखी आणायला आत वळली.

वळणावरून एक पांढरी गाडी येत होती, पुण्याच्या पासिंगची, जोरात. स्वप्नाने एक ताट दुसऱ्या हातावर चढवलं. आमटी हिंदकळून मनगटावर सांडली, चटका बसला. तिने मोकळा हात वर केला आणि रस्त्यात उतरली. गाडी करकचून थांबली. आत बसलेल्याने घड्याळ बघितलं, मग हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला. तिने हात खाली घेतला नाही.